ऐकीव नवरंग

माझ्या वडिलांच्या लेखी ऐकलेल्या पक्ष्याला काडीची किंमत नव्हती. "ऐकलेला पक्षी म्हंजे ऐकीव बातमी," असं ते म्हणायचे. चैत्रात पावशानं ओरडून ओरडून गाव डोक्यावर घेतलं आणि मी घाईघाईनं "बाबा, पावशा आला" म्हटलं, की ते कप खाली न ठेवता विचारत, "दिसला काय?" नाही म्हटलं की, "मग आला नाय." इतकं सरळ. या एका नियमापायी आमची कितीतरी भांडणं झाली. मी त्यांचीच मुलगी असल्यामुळे गप्प बसणं मलाही कधी जमलं नाही.

आमचं घर शहापूरला. तानसा तलावातून मुंबईला पाणी नेणारे मोठे नळ आहेत. त्या नळांच्या कडेनं चालत जायचं आणि कुठे पाणी ठिबकतंय का ते बघायचं, ही बाबांची नोकरी. उन्हाळ्यात जिथे पाणी ठिबकतं तिथे पक्षी जमतात. सुरुवातीला गळती शोधताना त्यांना पक्षी सापडले, पुढे पक्ष्यांवरून गळती सापडायला लागली. एखाद्या सांध्यापाशी सकाळच्या वेळी बुलबुल आणि हळद्यांची झुंबड दिसली, की ते लांबूनच सोबत्याला सांगत, "पाना काढ." साहेबलोकांना वाटे, या माणसाला पाण्याचा वास येतो.

मग त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक दुर्बीण आणली आणि हा नाद आमच्या घराला कायमचा लागला. अंगावर खाकी कपडे, पायात जाड बूट आणि गळ्यात दुर्बीण असं ध्यान रानात शिरलं, की सरपणाला आलेल्या बायकांना वाटे जंगलखात्याचा माणूस आला. त्या मोळ्या टाकून पळत सुटायच्या. बाबा मागून ओरडत, "अगो, पळू नका, मी पाखरं बघतो!" हे ऐकून त्या आणखी जोरात पळायच्या. भर उन्हात जंगलात येऊन नुसती पाखरं बघणारा माणूस म्हणजे सरकारी माणसापेक्षाही धोक्याचा, असा त्यांचा हिशेब असावा.

तानशाच्या रानात त्यांनी न पाहिलेला पक्षी शोधून काढावा लागला असता. स्वर्गीय नर्तक त्यांना ओळखत असावा, इतक्या वेळा दोघांची भेट झालेली. सर्पगरुड, कुटुर्गा, शीळ घालणारा कस्तूर, सगळे झाले होते. राहिला होता एकच, नवरंग.

नवरंग मैनेपेक्षा थोडा लहान असतो. शेपूट आखूड, पाठ हिरवी, खांद्यावर चमकदार निळा डाग, डोळ्यावर काळी पट्टी, गळा पांढरा, पोट फिकं पिवळसर आणि शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखा लाल. एवढे रंग अंगावर घेऊन हा गृहस्थ राहतो कुठे, तर दाट झुडपांच्या बुडाशी, जमिनीवर, सावलीत. उन्हाळा सरता सरता तो आमच्या भागात येतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ घालतो, पहिला सूर चढता आणि दुसरा खाली सोडलेला. लांबून कुणीतरी ओळखीच्या माणसाला हाक मारावी तशी ती शीळ. ही हाक बाबांनी कितीतरी उन्हाळे ऐकली होती, पण हाक मारणाऱ्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याच नियमाप्रमाणे नवरंग ही तेव्हा ऐकीव बातमी होती, आणि हे त्यांना फार लागायचं.

नव्वदच्या दशकात, मी डीएडला होते तेव्हा, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघं त्याच्या मागावर असायचो. आई डबा द्यायची आणि दोघांच्या नावानं बोटं मोडायची. बाबांचा शोध नेहमी पाण्यापाशी असे. ओढ्यातलं डबकं, तलावाचा काठ, नळाचा ओला सांधा. "मे महिन्यात पाणी सोडून पाखरू जाईल कुठे?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. नळावर आयुष्य काढलेल्या माणसाला सगळ्या गोष्टी पाण्याशी येऊन थांबणार असं वाटलं तर नवल नाही. आम्ही डबक्याकाठी करवंदीच्या जाळीत अंग चोरून बसायचो. डास चावायचे, मुंग्या चढायच्या. पाण्यावर सगळं रान येऊन जायचं, आणि नवरंग मागे कुठेतरी दोन सुरांत आमची चेष्टा करायचा.

पुढे माझं लग्न झालं आणि मी मुरबाडच्या आत, सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका गावात आले. तिथल्याच शाळेत शिकवायला लागले. नवरा वाशिंदला कारखान्यात कामाला, आठवड्यानं घरी यायचा. शेती सासूबाई बघत. गावात टेलिफोन फक्त किराणा दुकानात. दर रविवारी तिथे बाबांचा फोन यायचा. सासरच्यांची चौकशी, तब्येत, पाऊसपाणी यातलं काही नाही. पहिला प्रश्न, "दिसला काय गो?"

"नाही. तुम्हाला?"

"नाय."

मग दोघांनाही जरा बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, तो त्यांच्या आधी मला दिसावा असं मला मनापासून वाटत होतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर, बाबा निवृत्त झाल्यावरची गोष्ट. ते चालताना दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागले. बाजूनं कोणी आलं तर दचकायचे. ठाण्याला डॉक्टरांना दाखवलं तर काचबिंदू निघाला. नजर कडेकडेनं गेली होती, समोरचं तेवढं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून टिकवायची, आणि तीही किती टिकेल सांगता येत नाही. आई दवाखान्यातच रडायला लागली. बाबा तिला म्हणाले, "इतकी वर्सं नळाच्या भायेरून चाललो. आता आतून बगतो, एवढाच."

त्यानंतरच्या एका रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारलाच नाही. म्हणाले, "आता तूच बग त्याला. बगितलास का मला नीट सांग. मी ऐकंन."

मी दुकानात उभी होते, मागे गिऱ्हाईकं. मला इतका राग आला की फोन आपटावा. आयुष्यभर ज्या माणसानं ऐकीव म्हणून माझे पावशे उडवून लावले, तो आता नवरंग ऐकून घेणार होता. "मी काही सांगणार नाही," मी ओरडले. "यायचं आणि स्वतः बघायचं." दुकानदाराला वाटलं माहेरी वाटणीवरून वाजलं. घरी येऊन मी चुलीपाशी बसून खूप रडले. हा उन्हाळा गेला तर पुढच्या उन्हाळ्यात त्यांना काय दिसणार होतं, हे डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. मला नवरंग हवा होता, याच उन्हाळ्यात, आणि त्यांच्या नजरेच्या बरोब्बर समोर.

शाळेला सुट्टी लागली होती. आमच्याकडे तेव्हा राबाची कामं चाललेली. भाताचं रोप जिथे टाकायचं, तो जमिनीचा तुकडा आधी भाजून घेतात. शेण, झाडांच्या फांद्या, पातेरा म्हणजे रानात पडलेली वाळकी पानं, त्यावर गवत आणि माती असे थर रचायचे आणि पेटवायचं. म्हणजे तण मरतं आणि रोप तरारून येतं. आमचा राब त्या वर्षी मागे पडला होता, म्हणून सासूबाई आणि मी पातेरा आणायला रानात गेलो. आसपासचं रान गावानं आधीच लोटून नेलं होतं. झाडांखालची जमीन सारवल्यासारखी लख्ख. आम्ही लांबवर जाऊन एका उताराला थोडी पानं मिळाली ती पाटीत भरायला लागलो. पानं ओढली की खालून गोमा, वाळवी, बारीक किडे वळवळत बाहेर पडायचे. मी त्यांच्याकडे बघत राहिले. नवरंग जमिनीवर पानं उलटून असलेच किडे वेचून खातो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. शाळेत मी ते मुलांना सांगितलंसुद्धा होतं. आणि दर उन्हाळ्यात मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचलून राबावर नेऊन जाळत होते.

माझ्या हातातली पाटी गळून पडली.

"काय झाला गो? विंचू चावला काय?" सासूबाई धावत आल्या.

"आई, असं कुठलं रान आहे का, जिथला पातेरा कोणीच उचलत नाही?"

त्यांनी माझ्याकडे, बाईला ऊन लागलं बहुतेक, अशा नजरेनं पाहिलं. "राईतला. देवाचा रान हाय तो. तिथला पान पन उचलायचा नाय. म्हाईत नाय काय तुला?"

मला माहीत होतं. गावच्या वरच्या अंगाला देवराई होती, दर वर्षी देवाला नारळ द्यायला आम्ही जायचो. पण तेव्हा ढोलताशे असायचे, बोकड असायचा, सगळं गाव असायचं. पक्षी बघायला मी तिथे एकदाही गेले नव्हते, कारण राईत पाण्याचा टिपूस नाही. बाबांची मुलगी ना मी.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी राईच्या आत बसले होते. चप्पल देवाच्या सीमेबाहेर काढायची असा नियम, म्हणून अनवाणी. पायाखाली पिढ्यान्‌पिढ्यांची पानं, वरची वाळकी आणि खालची कुजून मऊ झालेली, भर मे महिन्यात आतून ओलसर. शीळ इतकी जवळून आली की माझ्या अंगावर काटा आला. मग एका वेलीच्या बुडाशी एक पान उलटं झालं. दुसरं झालं. आणि पानांवर टुणकन उडी मारून तो उघड्यावर आला, आखूड शेपूट खालीवर हलवत. हिरवा, निळा, लाल. मी तोंडावर हात दाबून धरला होता, नाहीतर ओरडलेच असते. जिंकले, असंच माझ्या मनात आलं. त्यांच्या आधी मी पाहिला! घरी येताना मी शेताच्या बांधावर अक्षरशः नाचले. एका म्हशीनं ते पाहिलं.

दुकानातून फोन लावला. "बाबा, उद्याच्या गाडीनं या."

"दिसला काय?" किती दिवसांनी त्यांनी हे विचारलं.

"सांगणार नाही. या."

ते किन्हवलीमार्गे एसटीनं आले. बरोबर दुर्बीण, खाकी शर्ट आणि ते जाड बूट. पहाटे आम्ही निघालो तेव्हा सासूबाईंनी हातात नारळ दिला आणि बजावलं, "व्याही, वहाणा भायेर काढा. आन् देवाला इचारल्याबिगर आत जाव नका." बाबांनी देवाला विचारलं, पण बुटांवरून सीमेवरच आमची जुंपली.

"काटं मोडतील."

"मोडू देत. मी काढीन."

"आन् पानी कुटं हाय हितं?"

"नाही पाणी."

"मग पाखरू पन नाय. तुला काय कळत नाय." आणि ते मागे वळायला लागले. मी सरळ खाली बसले आणि त्यांच्या बुटाची नाडी सोडायला लागले. एवढ्या मोठ्या बाईनं भर रस्त्यात पाय धरल्यावर त्यांचा इलाज चालला नाही.

पहिली सकाळ वाया गेली. शीळ आली, पुन्हा आली, पण तो काही झुडपाबाहेर येईना. उन्हं वर आल्यावर बाबा उठले. त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "ऱ्हाव दे आता. ऐकला ना, झाला." आवाज अगदी शांत होता. ते भांडले असते तर मला चाललं असतं. त्या दिवशी घरी जेवताना आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही, आणि सासूबाईंना वाटलं भाजी खारट झाली.

दुसऱ्या सकाळी मी त्यांना उठवलं तर ते आधीच अंगणात तयार बसलेले. रात्रभर झोप लागली नाही म्हणाले, गोधडीला पिसवा आहेत. आमच्या गोधडीला पिसवा नव्हत्या.

राईत बसलो. उजाडलं. शीळ आली. आणि उजव्या हाताला, चार पावलांवर असेल नसेल, एक पान उलटं झालं.

"बाबा, उजवीकडे," मी पुटपुटले.

ते मान वळवू लागले, पण त्यांच्या त्या अरुंद नजरेत नुसती खोडं येत होती. "कुटं? कुटं?"

"खाली. आणखी उजवीकडे. वेलीच्या अलीकडे."

"कंची वेल?"

राईत वेलींना काय तोटा. नवरंग उघड्यावर आला होता, माझ्या डोळ्यांसमोर पानं उलटत होता, आणि माझे वडील भलत्याच झुडपाकडे टक लावून बघत होते. कुठल्याही क्षणी तो उडाला असता. मी गुडघ्यांवर सरकत त्यांच्या मागे गेले आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं. लहान मुलाची हजामत करताना न्हावी धरतो तसं, घट्ट, कानांवरून. जन्मदात्याच्या डोक्याला असा हात मी कधी लावला नव्हता. सावकाश उजवीकडे वळवलं, थोडं खाली वाकवलं आणि थांबवलं.

बाबांचा श्वास थांबलेला माझ्या तळहातांना कळला.

नवरंगानं दोन उड्या मारल्या. मी डोकं त्याच्यामागून तेवढंच वळवलं. तो थांबला, मी थांबले. तो डावीकडे आला, मी त्यांना डावीकडे आणलं. मग त्या पक्ष्यानं मान मागे टाकली, चोच वर केली आणि आमच्या देखत शीळ घातली. इतके उन्हाळे ऐकलेली ती हाक, आणि हाक मारणाऱ्याचं तोंड आता समोर. बाबांचं सबंध अंग हलत होतं. मला वाटलं रडताहेत, म्हणून वाकून पाहिलं तर ते हसत होते, आवाज न करता, गालांवरून पाणी वाहत असताना हसत होते. नवरंग चांगला वेळ काढून जेवला. पोट भरल्यावर भुर्रकन उडाला तेव्हा त्याच्या पंखावरचा पांढरा ठिपका चमकला, तोसुद्धा बाबांना मिळाला, कारण डोकं माझ्या हातात होतं.

तो गेल्यावरही मी हात काढले नाहीत. त्यांनीही काढ म्हटलं नाही. मला इतका आनंद झाला होता की छाती दुखत होती.

दुपारी मी त्यांना मुरबाडच्या स्टँडवर सोडायला आले. शहापूरच्या गाडीला अवकाश होता. बाकावर एक म्हातारी करवंदांची पाटी घेऊन बसली होती. बाबा बाक चाचपडत तिच्या शेजारी बसले आणि बसल्या बसल्या, ओळख ना पाळख, तिला म्हणाले, "आज नवरंग बगितला."

"कसला वो?"

"पाखरू. राईतला. आंगावर सगळे रंग, शेपटाखाली लालभडक." हातानं त्यांनी त्याची उडीही करून दाखवली.

म्हातारीनं त्यांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं. त्यांचा हात बाकाच्या कडेवरून कसा फिरला होता, हे तिच्या लक्षात आलं असणार. तिनं सरळ विचारलं, "पन बाबा, तुमाला तर दिसत नाय ना बेस?"

मला वाटलं, आता हे भडकणार. पण बाबांनी मान वर केली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नाय दिसत. पोरीनं दाखवला!"

माझ्या वडिलांनी उभ्या जन्मात पाहिलेले सगळे पक्षी त्यांनी स्वतः शोधून पाहिलेले होते, दुसऱ्या कुणी दाखवलेला हा पहिलाच. मी म्हातारीकडून करवंदांची अख्खी पाटी विकत घेतली, आणि एवढी करवंदं खाणार कोण, हा विचार बस सुटल्यावर केला.